पेज बेकर्स : कॉलेजची पाच वर्षं आणि एक गुडघा



आजचा विषय थोडा वेगळा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात बास्केटबॉल खेळलेल्या मुलीबद्दल मी बोलणार आहे. तिचं नाव पेज बेकर्स. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘ब्यूकर्स’ म्हणून मोकळे होतो, पण तिच्या घरचा उच्चार ‘बेकर्स’ असा आहे. तेव्हा आपणही तोच ठेवू.

तुम्ही विचाराल, निवृत्त फौजी माणसाला अमेरिकन मुलींच्या बास्केटबॉलशी काय देणंघेणं? पहिलं कारण साधं आहे. बास्केटबॉलचं ग्राउंड नाही अशी पलटण क्वचितच सापडेल, आणि संध्याकाळच्या गेम परेडला मी पन्नाशीपर्यंत हा खेळ खेळलो आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, कुठकुठून मला पालकांचे निरोप येतात. मुलगी कबड्डी खेळते, हँडबॉल खेळते, बास्केटबॉल खेळते, आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. नातेवाईक म्हणतात, झालं एवढं पुरे, आता अभ्यासाला लाव. साहेब, तुम्हाला काय वाटतं?

यावर मोघम धीर देण्यापेक्षा एक खरं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू. त्यात जिद्द तर आहेच. पण जिद्दीच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. जखमी खेळाडूची जागा कोण राखतं आणि कशी राखतं, ते मला आज दाखवायचं आहे.

तिथलं कॉलेज म्हणजे काय प्रकरण आहे

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धा, प्रमाणपत्र आणि पुढे नोकरीसाठी स्पोर्ट्स कोटा. अमेरिकेत कॉलेजचा खेळ ही स्वतंत्र दुनिया आहे. तिथला कारभार एनसीएए ही संस्था बघते. वरच्या श्रेणीतल्या संघांत मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते : फी, राहणं, जेवण सगळं त्यात आलं. दरवर्षी मार्च महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा होते. ६८ संघ, आणि हरला तो घरी. शेवटचे चार संघ उरतात त्याला ‘फायनल फोर’ म्हणतात. तिथवर पोचणं हीच मोठी गोष्ट समजतात.

मुलींच्या खेळाला हे बळ आपोआप आलेलं नाही. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. पण त्यामुळे कॉलेजांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. आज जे दिसतं ते त्या कायद्याच्या पन्नास वर्षांचं पीक आहे. २०२४ साली महिलांचा कॉलेज अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्याच वर्षी पुरुषांचा अंतिम सामना पाहिला सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. असं पहिल्यांदाच घडलं.

आणखी एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. पेजच्या काळात खेळाडूला साधारण पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता यायचे. म्हणजे एक वर्ष दुखापतीत गेलं तर ते पदरात परत मिळायची सोय नियमातच होती. शिवाय कोविडच्या काळातला २०२०-२१ चा हंगाम कोणाच्याच हिशेबात धरला गेला नाही. एवढी माहिती पुरे.

हॉपकिन्सची मुलगी

पेजचा जन्म ऑक्टोबर २००१ चा. मिनेसोटा हे अमेरिकेचं उत्तरेकडचं, कॅनडाला टेकलेलं, कडाक्याच्या थंडीचं राज्य. तिथल्या मिनियापोलिस शहराच्या आसपास ती वाढली. ती लहान असतानाच आईवडील वेगळे झाले आणि ती वडिलांकडे राहिली. शाळा हॉपकिन्स हायस्कूल. उंची जवळपास सहा फूट, अंगाने सडपातळ. जागा पॉइंट गार्डची, म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारी आणि कोणी कुठे पळायचं ते ठरवणारी. आमच्या भाषेत सांगायचं तर सेक्शन कमांडर.

२०१९ साली हॉपकिन्सने राज्याचं अजिंक्यपद जिंकलं. त्याच उन्हाळ्यात बँकॉकला झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेने सुवर्ण मिळवलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू पेज ठरली. पुढच्या वर्षी शाळेचा संघ एकही सामना न हरता राज्याच्या अंतिम फेरीत पोचला, आणि कोविडमुळे तो सामनाच रद्द झाला. तयारी पूर्ण आणि लढाईच नाही, हा प्रकार तिच्या वाट्याला तेव्हा पहिल्यांदा आला.

देशातल्या बहुतेक जाणकारांनी तिला त्या वर्षीची शाळकरी खेळाडूंतली पहिल्या क्रमांकाची खेळाडू ठरवलं होतं. तिने निवडलं कनेक्टिकट विद्यापीठ. लोक त्याला ‘यूकॉन’ म्हणतात. स्टॉर्स नावाच्या गावात हे विद्यापीठ आहे. तिथे १९८५ पासून जीनो ऑरिएमा हे एकच गृहस्थ मुलींच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. मूळचे इटलीचे, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. पेज आली तेव्हा त्यांच्या नावावर ११ राष्ट्रीय विजेतेपदं होती. पण शेवटचं २०१६ चं. म्हणजे घर मोठं, आणि चार वर्षं दिवाळी झालेली नाही. नव्या सुनेकडे सगळ्यांचे डोळे लागावेत तसं झालं.

पहिलं वर्ष

मुलीने पहिल्याच वर्षी दणका दिला. सामन्यामागे सरासरी २० पॉइंट. फेब्रुवारी २०२१ मध्ये साउथ कॅरोलायना हा तेव्हाचा पहिल्या क्रमांकाचा संघ समोर होता. सामना ओव्हरटाइममध्ये गेला. यूकॉनचे शेवटचे सगळे १३ पॉइंट पेजने एकटीने केले आणि ६३-५९ असा सामना काढला. त्या सामन्यात तिचे ३१ पॉइंट होते. लागोपाठ तीन सामन्यांत तीस किंवा त्याहून जास्त पॉइंट करणारी ती यूकॉनची पहिली खेळाडू. वर्षाअखेरीस देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून जे मोठे पुरस्कार देतात, ते तिला मिळाले. पहिल्या वर्षाच्या मुलीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. संघ मात्र फायनल फोरमध्ये ॲरिझोनाकडून हरला.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मला आवडते. ईएसपीवाय हा तिकडचा क्रीडा पुरस्कार घेताना व्यासपीठावरून ती स्वतःच्या खेळाबद्दल फारसं बोललीच नाही. हा खेळ कृष्णवर्णीय मुलींनी उभा केला आहे, पण त्यांना माझ्याइतकी प्रसिद्धी मिळत नाही, असं एकोणीस वर्षांच्या गोऱ्या मुलीने ऐन सत्काराच्या वेळी सांगितलं. टाळ्या वाजत असताना ज्यांनी खांदा दिला त्यांची नावं काढायला वेगळं धाडस लागतं.

जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवण्याची मुभाही मिळाली. त्याआधी अशी कमाई केली तर खेळायची पात्रता जायची. पेजला मोठमोठे करार मिळाले. म्हणजे विसाव्या वर्षी नाव, पैसा, घराण्याचा संघ, सगळं हातात. आणि मग गुडघा आला.

गुडघ्यात नेमकं काय असतं

डिसेंबर २०२१. नोत्र दाम संघाविरुद्धचा सामना जवळपास संपलेला, यूकॉन सहज पुढे. शेवटचं मिनिट. बॉल घेऊन धावताना पेजचा डावा पाय अडखळला आणि ती खाली बसली. कोणी धक्का दिला नव्हता. नडगीच्या हाडाचा वरचा भाग, जिथे गुडघा टेकतो, तिथे फ्रॅक्चर झालं होतं आणि सांध्यातल्या कूर्चेच्या गादीलाही इजा झाली होती. शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीअखेर ती परत आली. मार्चमध्ये फायनल फोरच्या दारात नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध दोन ओव्हरटाइम झाले. त्यात तिने २७ पॉइंट केले आणि संघाला पुढे नेलं. त्या वर्षीची फायनल फोर मिनियापोलिसला होती, म्हणजे तिच्या घराच्या अंगणातच. अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने ६४-४९ असं हरवलं. तारीख होती ३ एप्रिल २०२२.

चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सरावाच्या साध्या सामन्यात त्याच डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं. पुढचा पूर्ण हंगाम गेला.

आता हे एसीएल काय असतं ते समजून घेऊ. मी डॉक्टर नाही. पण आमच्याकडे पॅराशूटची उडी, ऑब्स्टॅकल कोर्स आणि कबड्डी यांमुळे गुडघे इतके बघितले आहेत की थोडं सांगू शकतो.

वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी. या हाडांना बांधून ठेवणाऱ्या चार मुख्य दोऱ्या असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. दोन बाजूंना दोन, आणि आत एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या दोन. आतल्या दोघींपैकी पुढची ती एसीएल. नडगीचं हाड पुढे घसरू नये आणि गुडघा आतल्या आत पिळला जाऊ नये, हे तिचं काम. सरळ रस्त्यावर चालायला तिची फारशी गरज पडत नाही. म्हणूनच लोक फसतात. महिनाभरात सूज उतरते, माणूस चालू लागतो आणि वाटतं बरं झालं. मग एक दिवस झपकन वळताना गुडघा दगा देतो, आणि तेव्हा आतली गादीही फाटते.

ही दोरी बहुतेक वेळा कोणाच्या धक्क्याने तुटत नाही. धावता धावता अचानक थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून एका पायावर उतरणं, यात तुटते. बास्केटबॉल म्हणजे याच तीन गोष्टी तासभर करत राहणं. कबड्डीतही तेच. आणि मुलींना हा धोका मुलांपेक्षा निदान दुप्पट असतो, काही अभ्यासांत त्याहून बराच जास्त आढळला आहे. उडीवरून उतरताना गुडघे आत वळण्याची सवय, मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या मानाने मागचे स्नायू आणि कंबरेचे स्नायू कमी तयार असणं, ही त्यातली मोठी कारणं. जी सवय आहे ती शिकवून बदलता येते, हे लक्षात ठेवा. त्याकडे मी शेवटी येतो.

पूर्ण तुटलेली दोरी शिवून सहसा जमत नाही. वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या स्नायूबंधातून पट्टी घेऊन नवी दोरी बसवतात. शस्त्रक्रिया तास-दोन तासांची. पण ती पट्टी शरीरात रुजायला महिने लागतात. या काळात ती मध्येच कमजोर होते आणि मग हळूहळू मजबूत होत जाते. दुखणं मात्र त्याआधीच थांबलेलं असतं. गुडघा म्हणतो तयार आहे, आतली दोरी म्हणते अजून नाही. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याची शक्यता खूप जास्त असते.

५८४ दिवस

३ एप्रिल २०२२ नंतर पेज पुढचा अधिकृत सामना खेळली ८ नोव्हेंबर २०२३ ला. मधे ५८४ दिवस गेले. यातला बहुतेक काळ कोणाला दिसत नाही. पाय सरळ करायला शिकणं. मांडीचा वाळलेला स्नायू पुन्हा भरणं. एका पायावर उभं राहणं. मग छोटी उडी. मग धावणं. मग वळणं. रोज तेच.

इथे मला व्यवस्थेकडे बघायचं आहे. दुखापत झाली म्हणून तिचं संघातलं स्थान गेलं नाही, शिष्यवृत्ती गेली नाही. २०२२-२३ चा पूर्ण हंगाम ती बेंचवर संघाच्या कपड्यांत बसली, टाळ्या वाजवल्या, धाकट्या मुलींना सांगत राहिली. संघाची मोठी किंमतही गेली. इतरही खेळाडू जखमी झाले, आणि सलग १४ वेळा फायनल फोर गाठणारं यूकॉन त्या वर्षी ओहायो स्टेटकडून बाहेर पडलं. तरीही तिला घाईने मैदानात उतरवलं नाही. नियमही पाठीशी होता. बुडालेला हंगाम तिच्या खात्यात परत मिळाला.

त्या घराला याची सवयही आहे. स्यू बर्ड हे नाव बास्केटबॉल बघणाऱ्यांना ठाऊक असेल. पुढे पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारी ही पॉइंट गार्ड यूकॉनमध्येच पहिल्या वर्षी आठ सामने खेळून एसीएल तुटल्याने बसली होती. ज्या बेंचवर पेज बसली तिथे आधी कोण बसून गेलं आहे, हे तिला माहीत होतं. मोठ्या संस्थेचा हा खरा फायदा असतो. तुमच्या आधी कोणीतरी त्याच खड्ड्यातून बाहेर आलेलं असतं.

फौजेत यासाठी एक पद्धत आहे. जवान जखमी झाला की त्याची मेडिकल कॅटेगरी तात्पुरती खाली येते. काय करायचं नाही ते कागदावर लिहून मिळतं : धावणं बंद, उडी बंद, वजन उचलणं बंद. ठरावीक मुदतीनंतर पुन्हा मेडिकल बोर्ड. त्या मुदतीत कोणी त्याला ‘अरे चल, थोडं खेळ’ म्हणू शकत नाही, अगदी सी.ओ. साहेबसुद्धा नाही. जवानांना ही कॅटेगरी आवडत नाही, ते लपवायला बघतात. आमच्या पलटणीच्या बास्केटबॉल संघातला एक नाईक असाच दोन महिन्यांत ‘साहेब, फिट आहे’ म्हणून उभा राहिला. सुभेदार साहेबांनी त्याला स्कोअर लिहायला बसवलं आणि पोरांच्या सरावाची शिट्टी हातात दिली. सहा-आठ महिने तो शिट्टी वाजवत राहिला. पुढच्या वर्षी ब्रिगेडच्या स्पर्धेत तो खेळला. शिट्टीमुळे गुडघा बरा झाला असं नाही. पण तो संघातच होता, त्यामुळे त्याला लपवाछपवी करावी लागली नाही.

परत आली, आणि हरली

२०२३-२४ मध्ये पेज सरासरी २१.९ पॉइंट करत होती, म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा जास्त. पण या वेळी तिची मैत्रीण ॲझी फड हिचं उजव्या गुडघ्याचं एसीएल हंगामाच्या सुरुवातीलाच गेलं. शाळेत असतानाही फडच्या गुडघ्यावर हेच बेतलं होतं. तिच्यासाठी हा दुसरा फेरा.

तरी संघ फायनल फोरमध्ये पोचला. समोर आयोवा, म्हणजे केटलिन क्लार्क. पेज आणि क्लार्क एकाच वर्षी कॉलेजात आलेल्या. पेज बेंचवर बसली होती त्या काळात क्लार्क देशाची लाडकी झाली होती. ५ एप्रिल २०२४ चा सामना. शेवटचे चार सेकंदही उरले नव्हते. एका पॉइंटने मागे असलेल्या यूकॉनच्या हातात बॉल होता, आणि पंचांनी यूकॉनच्या खेळाडूवर चुकीच्या स्क्रीनचा फाऊल दिला. संपलं. ७१-६९. अमेरिकाभर त्या शिट्टीवर वाद झाला. पेज म्हणाली ते असं : एका खेळीने सामना जिंकला किंवा हरला जात नाही, आधीही आमच्याकडून बरंच काही निसटलं होतं.

तेव्हा ती व्यावसायिक लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएमध्ये, जाऊ शकत होती. वर्गातल्या इतर मुली निघाल्या. पण दुखापतीचं वर्ष आणि कोविडचं वर्ष हिशेबाबाहेर असल्याने तिच्याकडे कॉलेजचे हंगाम शिल्लक होते. फेब्रुवारीतच तिने घरच्या मैदानावर जाहीर केलं होतं की मी आणखी एक वर्ष थांबणार. यात भावनाच होती असं नाही. व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या वर्षीचा ठरलेला पगार ७५-८० हजार डॉलरच्या घरात होता, आणि नावाजलेल्या कॉलेज खेळाडूला जाहिरातींतून त्याहून कितीतरी जास्त मिळू शकत होतं. दहा वर्षांपूर्वी अशा मुलीला थांबणं परवडलं नसतं. नियम बदलले म्हणून पर्याय निर्माण झाला.

२०२५

शेवटचा हंगाम थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑरिएमांनी १२१७ वा विजय मिळवून कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वाधिक विजयांचा विक्रम केला. मार्चमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध पेजने ४० पॉइंट केले, तिच्या कॉलेज कारकिर्दीतले सर्वाधिक. पुढच्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध ३१.

त्या सदर्न कॅलिफोर्नियाची सर्वात मोठी खेळाडू जूजू वॉटकिन्स मात्र मैदानात नव्हती. काही दिवसांपूर्वीच त्याच स्पर्धेत तिचं एसीएल तुटलं होतं. एका संघाचं नशीब उघडतं तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी मुलीचे ५०० दिवस सुरू झालेले असतात. हे विसरून पेजची गोष्ट सांगणं बरोबर नाही.

६ एप्रिल २०२५, टॅम्पा. समोर पुन्हा साउथ कॅरोलायना. यूकॉन ८२, साउथ कॅरोलायना ५९. पेजचे १७ पॉइंट. पहिल्या वर्षाच्या सारा स्ट्राँगचे २४, आणि फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ठरली ॲझी फड, दोनदा गुडघा जोडून परत आलेली, तिचेही २४. शेवटचं दीड मिनिट उरलं असताना ऑरिएमांनी पेजला बाहेर बोलावलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. यूकॉनचं बारावं विजेतेपद, नऊ वर्षांनी. पेजचं पहिलं आणि शेवटचं.

आठ दिवसांनी डॅलस विंग्जने तिला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं. ऑगस्टमध्ये तिने एका सामन्यात ४४ पॉइंट केले आणि वर्षाची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. तिच्या संघाने मात्र ४४ पैकी १० च सामने जिंकले. म्हणजे पुन्हा पायथ्यापासून चढण.

आपल्याकडे काय

आपल्याकडे मुलींत गुण नाहीत असं अजिबात नाही. केरळच्या गीतू ॲना जोसला २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए संघांनी चाचणीसाठी बोलावलं होतं. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. बंगळुरूची संजना रमेश शिष्यवृत्तीवर नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात खेळली. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा होतात. रेल्वेने आणि पोलीस दलांनी कितीतरी मुलींना नोकरी देऊन खेळात टिकवलं.

पण विद्यापीठाच्या संघातली मुलगी ऐन विसाव्या वर्षी जखमी झाली की बहुतेक ठिकाणी तिची केस घरच्यांची होते. शस्त्रक्रियेचा खर्च घरचा, फिजिओथेरपीला नेणं-आणणं घरचं. संघाच्या यादीतून नाव गळतं. आणि गळलेलं नाव परत लिहायला कोणी बसलेलं नसतं. अमेरिकेतही सगळं आदर्श आहे असं समजू नका. खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यानंतरही दोन वर्षं वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांनी उचललाच पाहिजे, हा नियम तिथेही ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. तिथल्या खेळाडूंना तो भांडून मिळवावा लागला.

पेजइतका पैसा आपल्या विद्यापीठांकडे नाही, मान्य. पण यादीत नाव ठेवायला पैसा लागत नाही. जखमी मुलीला सरावाला बोलवायला, स्कोअर लिहायला बसवायला, सामन्याच्या बसमध्ये एक सीट द्यायला पैसा लागत नाही. सुभेदार साहेबांना शिट्टीसाठी बजेट मंजूर करून घ्यावं लागलं नव्हतं.

पालकांनी आणि प्रशिक्षकांनी काय करावं

मी ज्यांना फोनवर सांगतो तेच इथे लिहितो.

पहिलं, गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला आणि काही तासांत सूज आली, तर मालीश नको. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर एमआरआय करा. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असं नाही, पण वळण्या-उडीचा खेळ परत खेळायचा असेल तर बहुधा लागते. तो निर्णय डॉक्टरांचा आणि मुलीचा, नातेवाइकांचा नाही.

दुसरं, शस्त्रक्रियेवर खर्च करून फिजिओथेरपीवर काटकसर करू नका. घर बांधून छप्पर न घातल्यासारखं ते होतं. निदान नऊ महिने धरून चला, आणि परत खेळायचं की नाही हे कॅलेंडर बघून नव्हे, दोन्ही पायांची ताकद मोजून ठरवा.

तिसरं, निवड चाचणी जवळ आली म्हणून घाई करू देऊ नका. एक स्पर्धा हुकते. दुसऱ्यांदा तुटला तर खेळ हुकतो.

चौथं, अभ्यास चालू ठेवा, पण ‘आता खेळ संपला’ ही शिक्षा म्हणून नव्हे. दोन्ही एका वेळी चालतं.

पाचवं, आणि हे प्रशिक्षकांसाठी. दुखापत होण्याआधीचं काम सर्वात स्वस्त आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं : उडी मारून दोन्ही पायांवर मऊ उतरणं, गुडघे आत न वळवणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या आणि कंबरेच्या स्नायूंचा व्यायाम. असे कार्यक्रम नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. यासाठी लागते एक सतरंजी आणि शिस्त. बारा-तेरा वर्षांच्या मुलींपासून सुरू करा, कारण उतरण्याची सवय तेव्हाच पक्की होते.

तुमच्या गावात, शाळेत, क्लबात आज संध्याकाळी सराव असेल तर एवढंच बघा : मुली उडीवरून उतरतात तेव्हा त्यांचे गुडघे कुठे वळतात. आणि कट्ट्यावर कोणी जखमी पोर एकटी बसली असेल, तर तिच्या हातात शिट्टी द्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.